नव्या वाहनातील दोष आणि ग्राहकाचे कायदेशीर हक्क

कुंभकोणममध्ये नवी मोटार घरी येते ती बहुधा देवळावरूनच. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या काठी वसलेल्या या गावात देवळांची उणीव नाही. एखाद्या गोपुरासमोर गाडी उभी राहते, पुजारी तिला हळद-कुंकू लावतो, हार घालतो आणि चाकांखाली एकेक लिंबू ठेवले जाते. गाडी पुढे सरकली की लिंबे चिरडली जातात व दृष्ट उतरली असे मानले जाते. हा प्रघात महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. गमतीचा भाग असा की, अमेरिकेत याच फळाचे नाव सदोष नव्या मोटारीला पडले आहे. पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या नव्या गाडीला तेथील लोक 'लिंबू' म्हणतात. १९८२ साली कनेटिकट राज्याने अशा गाड्यांविषयी जो कायदा केला तोही 'लिंबू कायदा' या नावानेच ओळखला जाऊ लागला, आणि पाहता पाहता इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही कायम राहिला, किंवा गाडी एकूण तीस दिवस दुरुस्तीसाठी अडकून पडली, तर उत्पादकाला दुरुस्तीची वाजवी संधी मिळून गेली असे तो कायदा गृहीत धरतो. त्यापुढे मालकाला गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात.

भारतात असा कायदा नाही. किती दुरुस्त्यांनंतर गाडी सदोष समजावी याचा कोणताही आकडा आपल्या कायद्यात सापडत नाही. याचा अर्थ ग्राहक निराधार आहे असा मुळीच नव्हे. उलट त्याच्यापुढे एकाहून अधिक मार्ग खुले आहेत. मात्र प्रत्येक मार्गावर एक प्रश्न त्याची वाट अडवून उभा असतो. दोष आहे हे खरे, पण तो गाडीबरोबर कारखान्यातूनच आला हे सिद्ध कसे करणार? नव्या वाहनांविषयीचे बहुतेक दावे या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर जिंकले किंवा हरले गेले आहेत.

विवेचन सोपे व्हावे म्हणून एक प्रसंग कल्पू. कुंभकोणमच्या एका पितळी समयांच्या व्यापाऱ्याने कुटुंबासाठी बँकेचे कर्ज काढून नऊ लाख रुपयांची मोटार घेतली. विक्रेता तिरुचिरापल्लीचा, कारखाना चेन्नईजवळचा. तिसऱ्या आठवड्यात चढावर गाडी ओढेनाशी झाली. वर्कशॉपने क्लच बदलला. महिन्याभराने तीच तक्रार पुन्हा उद्भवली. चार महिन्यांत गाडी पाच वेळा वर्कशॉपमध्ये गेली, आणि दर खेपेस 'आता सर्व ठीक आहे' असे सांगून परत मिळाली. बँकेचा हप्ता मात्र दरमहा नेमाने कापला जात होता. या गृहस्थाने काय करावे?

सर्वांत जुना मार्ग १९३०च्या माल विक्री अधिनियमाचा. 'ग्राहका, तुझे तू पाहून घे' हे जुने तत्त्व या कायद्यानेही मूलतः स्वीकारले आहे. पण त्याला महत्त्वाचे अपवाद जोडले आहेत. त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून, वर्णनावरून माल घेतला असेल, तर तो बाजारात त्या नावाने विकण्याजोग्या गुणवत्तेचा असला पाहिजे ही शर्त, विक्रीपत्रात लिहिलेली नसली तरी, करारात अंतर्भूत समजली जाते. कायदा येथे 'शर्त' आणि 'हमी' यांत भेद करतो. शर्त म्हणजे कराराचा प्राण. ती मोडली तर ग्राहक माल नाकारू शकतो. हमी ही दुय्यम बाब. ती मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. वाहनाच्या बाबतीत गोम अशी आहे की, माल ताब्यात घेऊन वाजवी मुदतीत तो नाकारल्याचे विक्रेत्याला कळविले नाही, तर तो स्वीकारला असे धरले जाते, आणि मग शर्तीचा भंगसुद्धा हमीच्या भंगासारखा वागविला जातो. थोडक्यात, गाडी परत करण्याचा हक्क हातून निसटतो आणि भरपाईचा तेवढा उरतो. आमच्या व्यापाऱ्याने चार महिने केवळ तोंडी तक्रारी करून नेमके हेच होऊ दिले असण्याचा संभव आहे.

या कायद्याखाली दाद दिवाणी न्यायालयात मागावी लागते. तेथे न्यायालयीन शुल्क भरावे लागते, वकील लावावा लागतो, आणि निकाल कधी लागेल हे सांगणे कठीण असते. म्हणूनच अनेक दशके हा हक्क बहुतांशी कागदावरच राहिला. शिवाय तो काळच निराळा होता. १९७०च्या दशकात स्कूटरसाठी नाव नोंदवून दहादहा वर्षे थांबावे लागे. इतक्या प्रतीक्षेनंतर हाती आलेल्या वाहनाचा एखादा खिळा ढिला असला, तर त्यासाठी न्यायालयात जाण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. टंचाईत ग्राहक तक्रार करीत नाही. तो उपकृत होतो.

ही स्थिती पालटण्यास आरंभ झाला तो १९८६च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने. त्याआधी मुंबईत १९६६ साली स्थापन झालेली कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी आणि पुढे १९७०च्या दशकात महाराष्ट्रात उभी राहिलेली ग्राहक पंचायतीची चळवळ यांनी त्याची भूमी तयार केली होती. १९८६चा कायदा आता अस्तित्वात नाही; त्याची जागा २०१९च्या अधिनियमाने घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलात आहे. या कायद्यातील 'दोष' या शब्दाची व्याख्या पुरेशी व्यापक आहे. मालाचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांत कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणे जे असायला हवे त्यातील कोणतीही उणीव म्हणजे दोष. तो सिद्ध झाला तर जिल्हा आयोग दोष काढून टाकण्याचा, माल बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा किंवा नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो.

व्याख्या एवढी व्यापक असताना प्रत्येक सदोष गाडीच्या मालकाला नवी गाडी का मिळत नाही? कारण आयोग आणि न्यायालये दोष आणि त्यावरील उपाय यांचे प्रमाण पाहतात. २००६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे जम्मू-काश्मीरमधील एक प्रकरण आले. मारुती मोटारीच्या क्लचची तक्रार होती, आणि खालच्या पातळीवर संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला नाही. हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन होते, संपूर्ण गाडी बदलण्याचे नव्हते, असे म्हणून त्याने ग्राहकाला भरपाईची रक्कम देवविली. तेव्हापासून वाहन कंपन्यांचे वकील हा निकाल पुढे करीत आले आहेत. एखादा सुटा भाग बदलून दोष जात असेल तर गाडी बदलावी लागत नाही, असे त्याचे तात्पर्य ते सांगतात, आणि ते चूक नाही. पण 'जात असेल तर' या तीन शब्दांकडे ग्राहकाने नीट पाहिले पाहिजे. पाच वेळा प्रयत्न करूनही दोष जात नसेल, तर तो सुट्या भागाचा दोष आहे हे कंपनीचे म्हणणे आपोआपच दुबळे होते.

त्याआधी दोन वर्षे, २००४ साली, केरळमधील एका ग्राहकाच्या दाव्यात याच न्यायालयाचा सूर बराच कठोर होता. प्रीमियर कंपनीची डिझेलवर चालणारी मोटार त्याने नवी म्हणून घेतली. ती सदोष निघाली. सदोष मोटार नवी म्हणून खपविण्याचा प्रयत्न करणे, आणि वर दोष मान्य न करता अखेरपर्यंत दावा लढविणे, याबद्दल न्यायालयाने उत्पादकाची स्पष्ट शब्दांत निर्भर्त्सना केली. पुढे २०१० साली फियाट मोटारीच्या एका प्रकरणात न्यायालयाने मध्यम मार्ग काढला. गाडी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी, आणि त्याने निर्मितीतच दोष असल्याचा अभिप्राय दिला तर ग्राहकाला पैसे परत मिळावेत, असे ठरले. माझ्या मते या तिन्ही निकालांत दिसतो तितका विरोध नाही. पुरावा जितका दोषाच्या मुळापर्यंत पोहोचतो तितका उपाय मोठा, हे सूत्र तिन्हींत आहे.

तर मग पुरावा. आमच्या व्यापाऱ्याच्या हातात आज काय आहे? वर्कशॉपची पाच जॉब कार्डे असली पाहिजेत. प्रत्यक्षात अनेकदा असे आढळते की, ग्राहकाने सांगितलेली तक्रार कार्डावर उतरलेलीच नसते. 'चढावर गाडी ओढत नाही, क्लच घसरतो' याऐवजी 'सर्वसाधारण तपासणी' एवढेच लिहिलेले असते, आणि ग्राहक घाईत सही करून मोकळा होतो. वर्षभराने आयोगापुढे हेच कार्ड कंपनीच्या बाजूचा पुरावा ठरते. म्हणून आपली तक्रार आपल्याच शब्दांत कार्डावर लिहून घेतल्याखेरीज सही करू नये. गाडी किती किलोमीटर चालली होती, कोणत्या तारखेला दिली व कोणत्या तारखेला परत मिळाली, हेही त्यावर असावे. याखेरीज प्रत्येक खेपेनंतर विक्रेता व उत्पादक या दोघांनाही पत्र किंवा ई-मेल पाठवून ठेवावे.

यानंतर येते तज्ज्ञाचे मत. प्रयोगशाळेतील तपासणीवाचून दोष ठरविता येत नसेल, तर योग्य त्या प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयातील यांत्रिकी विभागाच्या अध्यापकाचा अहवालही पुरावा म्हणून मांडता येतो. तज्ज्ञाची नेमणूक आपण एकट्याने करण्यापेक्षा आयोगाकडे अर्ज करून त्याच्या आदेशाने करविणे अधिक श्रेयस्कर, कारण मग त्या अहवालावर पक्षपाताचा आरोप करणे कंपनीला जड जाते. तपासणीच्या वेळी दोन्ही पक्ष हजर असावेत. आणि गाडी शक्य तितकी कमी चालवावी. दोष असल्याचे सांगणाऱ्याची गाडी दरम्यान चाळीस हजार किलोमीटर धावली असेल, तर आयोग भुवया उंचावतो.

सामान्य ग्राहकाकडून यंत्रशास्त्राच्या ज्ञानाची अपेक्षा किती करावी यालाही अर्थात मर्यादा आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या एका दाव्यात ह्युंदाई मोटारीला अपघात झाला, पण समोरच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. ठरावीक जोराचा आघात झाल्यावरच त्या उघडतात असा कंपनीचा बचाव होता. टक्कर किती वेगाने व किती जोराने झाली याचे गणित मांडण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्राचा जाणकार नसतो, असे सांगून न्यायालयाने हा बचाव अमान्य केला आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. सुरक्षिततेचे साधन म्हणून जी गोष्ट जाहिरातीत मिरविली जाते, ती वेळेवर उपयोगी पडली नाही तर समजावून सांगण्याचे ओझे कंपनीवर, असा या निकालाचा रोख आहे.

दावा कोणाविरुद्ध करायचा? येथे गोव्यातील एक प्रकरण बोधप्रद आहे. २०११ साली एका ग्राहकाने टाटा कंपनीची मोटार नवी म्हणून विकत घेतली. ती प्रत्यक्षात २००९ साली तयार झालेली आणि सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली निघाली. खालच्या आयोगांनी विक्रेता व उत्पादक या दोघांनाही जबाबदार धरले. परंतु २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला मुक्त केले. दोघांमधील नाते धनी आणि मुनिमाचे नसून स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते, आणि विक्रेत्याच्या लबाडीची उत्पादकाला माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते, हे त्याचे कारण. म्हणजे निर्मितीतील दोष असेल तर प्रामुख्याने उत्पादक, आणि विक्रीतील लबाडी असेल तर प्रामुख्याने विक्रेता उत्तरदायी ठरतो. दोष नक्की कोठे उपजला हे आरंभी ठाऊक नसते, म्हणून दोघांनाही पक्षकार करणे हेच शहाणपणाचे. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी विक्री-प्रमाणपत्रावरील निर्मितीचा महिना व वर्ष, चासी क्रमांक आणि मीटरवरील आकडा ताडून पाहिला, तर गोव्यातल्यासारखा प्रसंग पुष्कळदा टळू शकेल. पाच मिनिटांचे काम आहे. पण त्या पाच मिनिटांत आपण पेढे वाटत असतो.

ग्राहक कोण, हाही प्रश्न आहे. व्यापारी प्रयोजनासाठी माल घेणाऱ्याला या कायद्याचे संरक्षण नाही. यासंबंधीचा आधारभूत निकाल १९९५चा असून त्यात योगायोगाने महाराष्ट्र आणि तामिळनाडू दोन्ही आहेत. महाराष्ट्रातील एका लघुउद्योगाने कोइमतूरच्या पीएसजी संस्थेकडून एकवीस लाखांचे यंत्र घेतले होते, आणि तो उद्योग 'ग्राहक' ठरला नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी जो ऑटोरिक्षा किंवा टॅक्सी घेतो तो ग्राहकच होय. कुंभकोणमच्या महामहम तळ्याभोवती स्वतःची रिक्षा चालविणाऱ्याला म्हणूनच आयोगाचे दार उघडे आहे. चालक ठेवून दहा रिक्षा भाड्याने फिरविणाऱ्याला ते बहुधा बंद राहील. आमच्या व्यापाऱ्याने गाडी कुटुंबासाठी घेतली आहे, तेव्हा त्याला अडचण नाही. तीच त्याने समया पोहोचविण्यासाठी घेतली असती, तर प्रयोजनावरून वाद निघाला असता.

तक्रार कोठे दाखल करावी, या बाबतीत २०१९च्या कायद्याने मोठीच सोय केली आहे. पूर्वी सामान्यतः विरुद्ध पक्ष जेथे व्यवसाय करतो, किंवा जेथे तक्रारीचे कारण घडले, तेथेच जावे लागे. आता ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. त्यामुळे आमच्या व्यापाऱ्याला तिरुचिरापल्लीला किंवा चेन्नईला खेटे घालण्याचे कारण नाही. कुंभकोणम तंजावर जिल्ह्यात आहे, आणि मराठी वाचकांना भोसले घराण्यामुळे व सरस्वती महाल ग्रंथालयामुळे परिचित असलेले ते तंजावर तेथून अवघ्या चाळीस किलोमीटरवर आहे. जिल्हा आयोगापुढे, डिसेंबर २०२१ मधील नियमांनुसार, पन्नास लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जातात. त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून वर राष्ट्रीय आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. नऊ लाखांच्या गाडीसाठी ते केवळ दोनशे रुपये आहे. वकील लावण्याचे बंधन नाही. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून. प्रयोगशाळेची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून पुष्कळ अधिक काळ थांबावे लागते, हे आधीच जाणून असावे. दोन्ही पक्ष राजी असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडे सोपवितो. ज्याला तत्त्वाचा निकाल नको, चालणारी गाडी हवी आहे, त्याने ही वाट तुच्छ लेखू नये.

हमीपत्रातील एखादे कलम उघडउघड एकतर्फी असेल, तर ते रद्द ठरविण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. सदोष वाहनामुळे शारीरिक इजा किंवा अन्य मालमत्तेची हानी झाली असेल, तर २०१९च्या कायद्यातील उत्पादन-दायित्वाचे प्रकरण लागू होते. त्यात निर्मितीतील दोष सिद्ध झाल्यावर 'आमच्याकडून हयगय झाली नाही' हा बचाव उत्पादकाला तारत नाही. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देण्याकडे अनेकांचा कल असतो. पण वापरलेली गाडी नवी म्हणून विकणे निराळे आणि क्लच घसरणे निराळे. दुसऱ्या प्रकारात फौजदारी मार्गाने सहसा वेळच जातो.

एका नव्या मार्गाचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे. दोष एकाच गाडीत नसून त्या जातीच्या अनेक गाड्यांत असेल आणि त्यामुळे चालकाला, इतर प्रवाशांना किंवा पर्यावरणाला धोका संभवत असेल, तर त्या सर्व गाड्या परत बोलाविण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेली ही तरतूद एप्रिल २०२१ पासून अमलात आली. अशा वेळी उत्पादकाला दोष दुरुस्त करून द्यावा लागतो, गाडी बदलून द्यावी लागते किंवा खर्चाची भरपाई करावी लागते. एकट्यादुकट्याच्या तक्रारीने असा आदेश निघत नाही. पण आपल्या गाडीच्या जातीची परत-बोलावणी पूर्वीच जाहीर झाली आहे काय, हे पाहणे प्रत्येकाच्या हातात आहे. झाली असेल, तर दोष कारखान्यातूनच आला हे सिद्ध करण्याचे निम्मे काम कंपनीनेच करून ठेवलेले असते.

राहिला बँकेचा हप्ता. गाडी वर्कशॉपमध्ये पडून आहे म्हणून हप्ते थांबविणे ही फार महागात पडणारी चूक आहे. कर्जाचा करार बँकेशी आहे, आणि गाडीच्या दोषाशी बँकेचा संबंध नाही. हप्ते थकले तर ती सदोष गाडीसुद्धा उचलून नेऊ शकते, आणि मग तपासणी कशाची करणार? हप्ते भरीत राहावे, आणि भरलेल्या व्याजाचा हिशेब तक्रारीत नुकसान म्हणून मांडावा. विमा, नोंदणी, आजन्म रस्ताकर आणि दरम्यान भाड्याच्या गाडीवर झालेला खर्च यांच्या पावत्याही त्याच बरोबर जोडाव्यात. मागितले नाही ते आयोग सहसा आपण होऊन देत नाही.

समजा, तंजावरच्या आयोगाने पैसे परत करण्याचा आदेश दिला. विरुद्ध पक्षाला पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. मात्र आदेशातील रकमेचा अर्धा भाग आधी भरल्याखेरीज ते ऐकले जात नाही. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कारावास, किंवा किमान पंचवीस हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होऊ शकते. रक्कम मिळेल त्या दिवशी ग्राहकाला गाडी परत करावी लागेल, आणि तत्पूर्वी नोंदणीपुस्तकावरील बँकेचा बोजा उतरवून घ्यावा लागेल. म्हणजे आलेल्या पैशातून प्रथम बँकेचे उरलेले कर्ज फिटेल, आणि शिल्लक राहील ती व्यापाऱ्याच्या हाती पडेल.